मना दारनी कडी

धुळे, १८ नोव्हेंबर २०२४

दिपे,

चि.सौ.कां. लिहायचं वय दोघींचंही गेलं, आणि 'प्रिय' लिहिलं तर तू कागद तिथेच चुरगाळशील. म्हणून नुसतंच दिपे. बावीस वर्षांत ही हाक मी कुणाला मारलेली नाही.

पत्ता किरणवहिनींकडून मिळाला. परवा त्या आमच्या दुकानात बस्त्याला आल्या होत्या. तुझ्या भावाच्या, प्रेमराजभाऊंच्या, थोरल्या मुलीचं लग्न ठरलंय. फैजपूरची माणसं धुळ्याला लग्नाचं कापड घ्यायला आली म्हणजे व्याही इकडचे असणार, हे मी ओळखलं. मला मात्र वहिनींनी ओळखलं नाही. शालू उलगडता उलगडता मीच म्हटलं, वहिनी, मी चेलना, तुमच्या गल्लीतल्या किराणावाल्यांची. त्यावर त्यांनी आधी शालूचा भाव कमी करून घेतला आणि मग रडल्या.

त्यांनीच सांगितलं की तू एरंडोलचं सासर सोडून जळगावला आलीस, एका खाजगी दवाखान्यात आयाचं काम करतेस, आणि अक्का तुझ्यापाशी असते. अक्का अंथरुणाला खिळली आहे आणि फार दिवस काढायची नाही, हेही सांगितलं. तू ड्युटीला जाताना बाहेरून दाराला कडी घालून जातेस, कारण तिला उठून आतून लावता येत नाही, हे सांगताना त्यांनी नाक मुरडलं. सासूला स्वतः किती दिवस सांभाळलं ते मी विचारलं नाही. गिऱ्हाईक होतं.

मला अक्काला भेटायचं आहे. ती आहे तोवर. तिला एक विचारायचं आहे आणि तुला एक सांगायचं आहे. फोन करणार नाही. आमच्याकडे फोनवर बोलायला लागलं की तीन माणसं बोलायची थांबतात.

विचारायचं ते आधी सांगते, ते सोपं आहे. उन्हाळ्यात तुमच्या घराच्या धाब्यावर बिबडे वाळत घालताना अक्का गाणं म्हणायची. तिचं माहेर शिंदखेड्याकडचं, बोली अहिराणी. फैजपुरात आल्यावरही तिने ती सोडली नाही, आणि अख्खी गल्ली तिची टिंगल करायची. आपण दोघी ज्वारीचं पीठ थापत तिच्या मागे म्हणायचो:

मना दारनी कडी काढ,
ऊन चढनं, सकाय गई.
मना हातना चुडा वाजस,
कोणी आयकस नही.
मना भाऊले सांगू नको…

आणि इथे अक्का हटकून कावळे हाकलायला उठायची. त्यामुळे पुढची ओळ मला येतच नाही. गुणगुणताना मी तिथे नुसतं हूं हूं करते. बावीस वर्षं हूं हूं करतेय.

या गाण्याने मला तारलं असं म्हटलं तर तुला हसू येईल. लग्न होऊन या घरात आले तेव्हा वीस वर्षांची होते आणि इथल्या भिंतींकडे बघून जीव घाबरा व्हायचा. तेव्हा मी स्वयंपाकघरात हेच म्हणायचे. हे मना, दाराची कडी काढ. घराची कडी कुणाच्या का हातात असेना, मनाची तर आपल्याच हातात आहे. ऊन चढलं, सकाळ गेली, म्हणजे वय सरतंय, आता तरी जागा हो. हातातला चुडा म्हणजे संसार. तो वाजतच राहणार, कुणी ऐकणार नाही, मना, तूही त्याची अपेक्षा ठेवू नकोस. आणि भावाला सांगू नकोस, म्हणजे आपलं दुःख माहेरी नेऊ नये. ते मी तंतोतंत पाळलं. माझ्या भावांना विचार, ते सांगतील चेलना सुखात आहे.

जैन स्थानकात महाराजसाहेबांचं प्रवचन ऐकताना मला कधी रडू आलं नाही. या पाच ओळींनी यायचं.

तू माझ्याशी का बोलत नाहीस असं कुणी विचारलं, तर मी सांगत आले की तुझ्या लग्नाला आले नाही म्हणून. तसंच असेल ना?

चेलना


धुळे, २९ नोव्हेंबर

दिपे,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं. पत्र आमच्याकडे भांड्यांना येणारी भागाबाई पेटीत टाकते. तिला विचारलं नीट टाकलंस ना, तर म्हणाली, हात आत घालीसन टाकं.

मी का आले नाही ते लिहिते. नाहीतर तुला वाटेल, धुळे-जळगाव अडीच तासांचा रस्ता, हिला कुणी धरून ठेवलंय.

कुणीच धरून ठेवलेलं नाही. तीच तर अडचण आहे. आमचं घर दुकानाच्या वर. जिना उतरतो तो थेट दुकानात, गल्ल्याच्या शेजारी. पूर्वी मागच्या बोळात उघडणारं एक दार होतं. लग्न झाल्यावर सातव्या वर्षी तिथे साड्यांचे रॅक बसवले आणि दार रॅकच्या मागे गेलं. तेव्हापासून बाहेर पडायचं म्हणजे बावीस पायऱ्या उतरायच्या आणि गल्ल्यावरून जायचं. गल्ल्यावर माझे मिस्टर असतात, अभयकुमारजी. ते मान वर करून विचारतात, "काय काम?"

ओरडून नाही विचारत. त्यांनी मला कधी एक चापट मारलेली नाही, हे माझ्या सासूबाई धनकुंवर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. आमच्याकडे बायकांना बाहेर पडायला मुळीच बंदी नाही. फक्त काम सांगावं लागतं. स्थानक हे काम आहे. डॉक्टर हे काम आहे. नात्यातलं बारसं, साखरपुडा, मौत, ही कामं आहेत. मैत्रिणीची आई हे काम नाही.

तरी विचारलं. वीस तारखेला रात्री ताट वाढताना विचारलं. ते म्हणाले, हो हो, जाऊ ना, सीझन संपला की आपण दोघं जाऊ गाडीने. सीझन संपतो मे महिन्यात. आणि 'आपण दोघं' म्हणजे ते बाहेरच्या खुर्चीवर घड्याळ बघत बसणार आणि मी अक्काच्या उशाशी त्यांना ऐकू जाईल इतपतच बोलणार. मला जे बोलायचं आहे ते तसं बोलता येत नाही.

मंगळवारी मी सरळ पर्स घेऊन उतरले. ठरवलं होतं, दाताच्या डॉक्टरकडे जाते म्हणायचं आणि स्टँड गाठायचं. उतरते तोच कापडण्याकडचं मोठं बिऱ्हाड बस्त्याला आलेलं, पंधरा बाया. हे म्हणाले, बरं झालं आलीस, बायांना तू दाखव. पर्स गल्ल्याखाली ठेवली आणि संध्याकाळी सहापर्यंत नऊवारी दाखवल्या. एक आजी म्हणाली, तुम्ही फार हसतमुख आहात. मी म्हटलं, हो.

वर आले, पाय चेपत बसले आणि मनाला म्हटलं, मना, कडी काढ. या खेपेला काही उपयोग झाला नाही.

चेलना


धुळे, ७ डिसेंबर

दिपे,

आज जे झालं ते तुलाच सांगायला हवं.

सकाळी मी गहू निवडत होते आणि भागाबाई मोरीत भांडी घासत होती. मी आपली गुणगुणत होते. घासणी थांबली. ती ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्हले कोणी कोंडी ठेवं का, बाई?"

मी म्हटलं, कुणी कोंडलं नाही, का गं? ती म्हणाली, मग हे गाणं कसाले? तिने पहिली ओळ म्हणून दाखवली, माझ्यापेक्षा चांगली. तिच्या आजीच्या तोंडी होतं म्हणे. मी तिला शहाणपणाने अर्थ सांगायला गेले की बाई, हे मनाला उद्देशून आहे, मनाच्या दाराची कडी. तिने मला मध्येच थांबवलं.

"मना म्हंजे मना," ती म्हणाली. "जसं तुना, तसं मना. मनले कशी कडी ऱ्हाई?"

आणि परत जाऊन भांडी घासायला लागली.

मना म्हणजे माझा. मना दारनी कडी, माझ्या दाराची कडी. शाळेत प्रार्थनेत 'मना' आलं की ती मनाला हाक, हे डोक्यात इतकं घट्ट बसलं होतं की अक्काच्या तोंडचा शब्द मी शाळेच्या पट्टीने मोजला. घरात मारवाडी बोलायचं, वर्गात पुस्तकी मराठी, गल्लीची बोली आणखी वेगळी. तुमच्या अंगणातली भाषा मला गोड लागायची, पण ती मी कधी नीट ऐकली नाही.

दिपे, आता गाणं काय आहे बघ. ते देवाचं नाही, मनाचं नाही, काही उपदेश नाही त्यात. एक बाई आत कोंडलेली आहे. बाहेर तिची कुणीतरी उभी आहे. आतली म्हणते, माझ्या दाराची कडी काढ गं, सकाळ सरली. ती दारावर हात आपटतेय, हातातला चुडा वाजतोय, कुणाला ऐकू जात नाही. आणि ती म्हणतेय, माझ्या भावाला सांगू नकोस.

गव्हाची परात तशीच ठेवून मी गच्चीत जाऊन बसले. सासूबाईंनी दोनदा हाक मारली.

मला माहीत नव्हतं. मी तुला शपथेवर लिहिते, मला माहीत नव्हतं.

चेलना


धुळे, १५ डिसेंबर

दिपे,

आठ दिवस झाले, मला धड जेवण जात नाही. शपथ घ्यायला नको होती. तू ते पत्र वाचून हसली असशील, आणि तुझं ते हसू मला ठाऊक आहे.

तुझ्या लग्नाचा आणि आपल्या अबोल्याचा काही संबंध नाही. मला लग्नाला कुणी येऊ दिलं नाही हे खरं आहे, पण तू त्याआधीच तोंड फिरवलं होतंस.

जून २००२. तुझा जळगावला नर्सिंगला नंबर लागला होता. मंगळवारी हजर व्हायचं होतं. प्रेमराजभाऊंनी एरंडोलचं स्थळ पक्कं केलं होतं आणि तू नाही म्हणालीस. अक्का तुझ्या बाजूची, म्हणून दोन दिवस आधीच तिला कुणी आजारी आहे असं सांगून माहेरी धाडलं. आणि तुला केळी पिकवायच्या खोलीत घातलं. त्या खोलीला आतून कडी नव्हतीच, असायचं कारण नव्हतं. केळ्यांना कुठे दार लावायचं असतं.

सोमवारी दुपारी भाऊंनी मला बोलावून घेतलं. तुझी समजूत घालायला. भाऊ पुढे ओट्यावर बसले होते. मागे खोलीच्या दाराशी किरणवहिनी भाजी निवडत बसली होती, नवी नवरी, यावलकडची. तिला अक्काची बोली ठो कळायची नाही. मी दाराला तोंड लावून म्हटलं, दिपे, मी आहे. तू काही बोलली नाहीस. बोलली असतीस तर वहिनीला कळलं असतं. तू गायला लागलीस.

मना दारनी कडी काढ. आतून बांगड्याही वाजल्या. तू त्या मुद्दाम वाजवल्यास, हे मला आता कळतं. तिसऱ्या कडव्याची पहिली ओळ आली, मना भाऊले सांगू नको. आणि मी निघाले. पुढची ओळ तू म्हणालीस की नाही, मला माहीत नाही.

मी ओट्यावर गेले आणि भाऊंना सांगितलं, काळजी करू नका, दिपमाला आता शांत झाली, देवाचं गाणं म्हणते आहे.

त्यांनी विचारलं, "कोणतं?"

मी त्यांना गाऊन दाखवलं.

ते अक्काच्या पोटचे. बोली त्यांना कळायची. उठले, विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीचं कुलूप काढून आणलं आणि कडीला घातलं. मी बघत उभी राहिले. मंगळवार गेला. पंधरा दिवसांनी तुझी वरात निघाली तेव्हा मी आमच्या दुकानाच्या फळीआडून बघत होते. तू एकदाच वर पाहिलंस.

आता एक ध्यानात येतं. बाहेर काढा म्हणणाऱ्या गाण्याचा अर्थ मी लावला तो आत राहण्याचा, आणि त्या अर्थावर बावीस वर्षं काढली. भावांना काही बोलले नाही, हात वाजवले नाहीत. कुणी शिकवलं नव्हतं मला हे, मीच शिकले.

अक्का कशी आहे एवढं तरी कळव. एक ओळ. नाहीतर नुसतं कोरं कार्ड टाक, मी समजेन ती आहे.

चेलना


धुळे, २३ डिसेंबर

दिपे,

कार्ड आलं नाही. तेव्हा ती आहे की नाही तेही मला माहीत नाही, आणि आता जे लिहायचं राहिलंय ते मी तिच्या जिवावर लांबवत होते, हे कळलं.

सात तारखेच्या पत्रात मी लिहिलं की मला अर्थ माहीत नव्हता. भागाबाई रोज माझ्या घरात बोलते. मना पाय दुखस. मना पोऱ्यानी परीक्षा शे. बावीस वर्षं धुळ्यात राहून 'मना' म्हणजे माझा हे न कळायला मी काय बहिरी आहे? ते सोड. फैजपुरातही अक्का मला हाक मारायची तेव्हा काय म्हणायची? 'मनी चेलना.' त्याचा अर्थ मी कधी मनातली चेलना असा लावला होता का?

मला कळलं होतं, दिपे. दारापाशी उभी असताना कळलं होतं. सगळं नसेल, पण कडी हा शब्द कळायला कुठली बोली यावी लागत नाही. दुसऱ्या कडव्याला वहिनी उठून आत गेली, चुलीवर दूध होतं. परसदार उघडं होतं. पलीकडे केळीची बाग आणि बागेपलीकडे सडक. कडी माझ्या खांद्याच्या उंचीवर होती आणि मी तिच्यावर हात ठेवला होता. कडी गार होती.

मग मी हात काढला.

का, ते मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही, मलासुद्धा नाही. माझं कॉलेज बारावीला बंद केलं होतं. माझंही स्थळ बघणं चालू होतं. तू मंगळवारी गेली असतीस तर नर्स झाली असतीस, पांढरी साडी नेसून सुट्टीत गावी आली असतीस आणि मला जळगावच्या गोष्टी सांगितल्या असत्यास. आणि मी किराणाच्या दुकानामागे डाळ पाखडत ऐकल्या असत्या. तू सुटशील आणि मी राहीन, हे मला बघवलं नाही. एवढंच होतं. त्यात भाऊंची भीती नव्हती, भाषेची चूक नव्हती.

भाऊंकडे जाताना मी चालत जाता जाता गाण्याचा अर्थ बदलला. मला ते आठवतं. ओट्यापर्यंत वीस पावलं असतील. तेवढ्यात मी मनाला हाक मारणारं गाणं तयार केलं, म्हणजे मला ते भाऊंना सांगता आलं. आणि नंतर तेच खरं धरून चालले.

तू आया झालीस. लोकांच्या बेडखालची भांडी काढतेस आणि तुझ्या वयाच्या नर्सेस तुला मावशी म्हणत असतील. ते माझ्यामुळे. हे तुला भेटून सांगायचं होतं, पण तू दार उघडणार नाहीस असं वाटलं म्हणून लिहिलं.

माफ कर असं लिहीत नाही. तू करू नयेस.

चेलना


जळगाव, २७ डिसेंबर, संध्याकाळ

दिपे,

हे पत्र पोस्टातून येणार नाही.

आज सकाळी साडेदहाला मी पायऱ्या उतरले. दुकान नुकतंच उघडलं होतं, हे उदबत्ती लावत होते. म्हणाले, काय काम? स्थानक म्हणता आलं असतं. दाढ तर खरंच दुखते आहे. मी म्हटलं, "काही काम नाही. जाते आहे."

त्यांना वाटलं मी चेष्टा करते. उदबत्ती हातातच राहिली. म्हणाले, कुठे? म्हटलं, जळगावला, माझ्या मैत्रिणीकडे. तिचं मी वाईट केलं होतं. ते म्हणाले, अगं पण काम काय? बावीस वर्षांत मला पहिल्यांदा त्यांची दया आली. वरून सासूबाईंनी विचारलं कोण चाललं, आणि हे जिन्याकडे वळले. तेवढ्यात मी रस्त्यावर आले. स्टँडवर बसमध्ये चढताना कंडक्टरने हात दिला.

एरंडोल आलं तेव्हा मी खिडकीतून बघितलं नाही.

तुझं घर सापडायला वेळ लागला. किरणवहिनींनी दिलेल्या पत्त्यात गल्लीच चुकली आहे, त्यामुळे माझी कोणती पत्रं तुला मिळाली आणि कोणती नाही, कोण जाणे. शेजारच्या बाई म्हणाल्या, तू दोनला ड्युटीला गेलीस, रात्री दहाला येशील. तुझ्या दारापुढे उभी राहिले. निळं दार. बाहेरून कडी. कुलूप नाही.

मी तिथे किती वेळ उभी होते ते शेजारच्या बाई तुला सांगतील. त्या बघत होत्या. आतून बांगडी वाजली. अक्काने कूस बदलली असेल, किंवा पाणी हवं असेल.

मी कडी काढली.

अक्का एवढीशी झाली आहे. मला ओळखलं नाही आधी. म्हणाली, "कोण शे व?" मी सांगितलं, चेलना. तिने माझा हात धरून नाकाशी नेला, पूर्वी न्यायची तसा. पाणी पाजलं, कूस बदलून दिली, वेणी घातली. मग विचारलं, अक्का, तिसऱ्या कडव्याची दुसरी ओळ सांग, तू नेहमी कावळ्यांमागे जायचीस. ती हसली. तिला आठवायला वेळ लागला नाही.

मना भाऊले सांगू नको,
तुनं नाव मी सांगाव नही.

तू माझ्या भावाला सांगू नकोस, मी तुझं नाव कुणाला सांगणार नाही. कडी कुणी काढली ते कधीच कळू देणार नाही. आतली बाहेरच्या बाईला वचन देते. मी ओट्याकडे चालत होते तेव्हा तू माझ्या पाठीमागे हे म्हणत होतीस.

मी अक्काला विचारलं, त्या वेळी भाऊंना कुणी सांगितलं ते तुला माहीत आहे का? ती म्हणाली, नाही. किती खोदून विचारलं पण पोरीने नाव घेतलं नाही. अक्का इतकी वर्षं शेजारच्या भिकुबाईवर संशय घेऊन आहे, तिच्या मयतालासुद्धा गेली नाही.

कडी मी काढली नव्हती, दिपे. तरी तू वचन पाळलंस.

तू सांगितलं नाहीस, मग मी सांगितलं. अक्काचा हात हातात होता, तो तिने काढून घेतला. तोंड भिंतीकडे वळवलं. मी उठले नाही. मग ती भिंतीकडेच बघत म्हणाली, "भलता उशीर व्हयना व माय." आणि थोड्या वेळाने पाणी मागितलं. मी दिलं, ते प्याली. आता झोपली आहे.

धुळ्याहून सात फोन येऊन गेले. उद्या परत जाईन की नाही ते मला माहीत नाही. आज जाणार नाही. तुला भेटल्याशिवाय जाणार नाही, मग तू हाकलून दिलंस तरी चालेल.

हा कागद बाहेर कडीत अडकवून ठेवते. दहाला येशील तेव्हा दाराची कडी निघालेली दिसेल. घाबरू नकोस, चोर नाही. आत मी आहे.

चेलना